वणवा आणि वळीव एकाच दुपारी: मार्च ते मे हा हंगाम कसा वाचायचा, तयारी कशी करायची

एप्रिलातली दुपार, साडेतीनचा सुमार. आमच्या डोंगराच्या पायथ्याला शेजारचे तात्या बांधावरचं वाळलं गवत पेटवायला निघाले होते. सकाळपासून वाहणारं वारं अगदी पडलं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "तात्या, आज नको, ढग चढतोय मागं." ते म्हणाले, "आत्ता वारं न्हाई, तवर उरकून घ्यू." बांध पेटला आणि गुडघाभर उंचीची आग शहाण्यासारखी सरकत राहिली. मग अचानक अंगावर गार वाऱ्याचा झोत आला. पावसाआधी येतो तो, मातीचा वास घेऊन येणारा. त्या झोतानं आगीला उचललं आणि चढावर नेलं. पाऊस आला तो वीस मिनिटांनी. तोवर वरच्या काजूच्या तीन ओळी होरपळून गेल्या होत्या.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगत आलोय. वणवा हा वनखात्याचा विषय आणि वळीव हा शेतकऱ्याचा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ती चुकीची आहे. मार्च ते मे या काळात दोन्ही धोके एकाच दुपारी, एकाच आभाळाखाली येतात. म्हणून अंदाज वाचताना आग आणि वादळ एकत्रच वाचायला हवं. ते कसं वाचायचं आणि त्यावरून काय करायचं, ते क्रमानं मांडतो.

पहिली पायरी: हंगामाच्या अंदाजातून नेमकं काय घ्यायचं

भारतीय हवामान विभाग फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज देतो आणि मार्चअखेर एप्रिल ते जूनचा. कमाल-किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त की कमी, पाऊस कसा, एवढंच त्यात असतं. अमुक तारखेला तमुक तालुक्यात गारपीट होईल, असं तीन महिने आधी कोणी सांगू शकत नाही. तसे मेसेज फिरत असतात, ते पुढे पाठवू नका.

पावसाच्या टक्केवारीबाबत इथे एक मोठी फसगत होते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे सरासरी पाऊसच काही मिलिमीटर असतो. एका संध्याकाळी अर्धा तास वळीव कोसळला की जिल्ह्याचा आकडा सरासरीच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. त्यामुळे "सरासरीपेक्षा जास्त पाऊस" वाचून यंदा वणव्याची चिंता नाही असं समजू नका. उरलेले पन्नास-साठ दिवस रान कोरडंठाक असू शकतं.

हंगामी अंदाजाचा खरा उपयोग तारखा अलीकडे ओढण्यासाठी. उन्हाळा कडक सांगितला असेल तर जाळरेषेचं, म्हणजे आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याचं, उरलेलं काम लगेच संपवायचं, वैरण लवकर आत घ्यायची, पाण्याची सोय आधी करायची. त्यानंतर दर गुरुवारी हवामान विभागाचा पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. काढणी, मळणी, लग्नाची तारीख यांचा विचार करताना तो पाहावा. आणि नक्की दिवस ठरवायचा तो रोजच्या जिल्हानिहाय अंदाजावरूनच.

दुसरी पायरी: आपला विभाग ओळखा

हवामान विभाग महाराष्ट्राचे चार भाग करतो: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. बातमीत "राज्यात अवकाळीचा इशारा" असं असलं तरी तुमच्या भागाची ओळ वेगळी असते. तीच शोधून वाचा.

विदर्भात हे दोन्ही धोके ठळक दिसतात. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीकडचं पानगळीचं जंगल फेब्रुवारीपासून पाला टाकतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, पुढे तेंदूपानाचा हंगाम येतो, आणि विझवली न गेलेली आग रानात शिरते. त्याच महिन्यांत बंगालच्या उपसागराकडून दमट वारे विदर्भापर्यंत येतात. उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताची, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या वादळी प्रणालीची, थंड हवा वरच्या थरात आली की मेघगर्जना आणि गारा.

मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीचा मुख्य धोका फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीनं हा सगळा पट्टा आणि विदर्भ झोडपून काढला होता, आणि हातातोंडाशी आलेला गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, डाळिंब गेलं. त्या काळात गारा जास्त का पडतात याचं कारण साधं आहे. आभाळात पाणी गोठण्याची पातळी तेव्हा मे महिन्यापेक्षा खाली असते, त्यामुळे गार वितळायच्या आत जमिनीवर येते. मे महिन्यात ढग त्याहून उंच असले तरी बऱ्याच गारा वाटेत विरघळतात. तेव्हा वारा आणि वीज जास्त घातक.

कोकण आणि घाटमाथ्यावर जानेवारीपासूनच वाळलेलं गवत हाच मोठा धोका. एका काडीनं आंबा-काजूच्या बागा जातात. त्यात एप्रिल-मेमध्ये भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याचं, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजण्याचं, काम असतं. वळीव इथे तुलनेनं उशिरा येतो, पण घाटाच्या कडेनं येणारा वारा बेभरवशाचा.

तिसरी पायरी: रोजच्या अंदाजातले शब्द नीट समजून घ्या

"तुरळक ठिकाणी मेघगर्जना व गारपिटीची शक्यता." हे वाक्य वाचून लोक म्हणतात, तुरळक आहे, म्हणजे किरकोळच. इथे गल्लत होते. "तुरळक ठिकाणी" म्हणजे विभागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी. ते किती जागी होईल हे सांगतं, किती जोरात होईल हे नाही. ज्या गावावर तो ढग येईल तिथे तो पूर्ण ताकदीनंच येणार. "काही ठिकाणी" म्हणजे साधारण निम्म्यापर्यंत, आणि त्यापुढचे शब्द त्याहून मोठ्या पसाऱ्यासाठी.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. वळवाच्या दिवसांत पिवळा इतक्यांदा येतो की लोक त्याकडे बघणं सोडतात. माझं स्वतःचं मत असं की शेतावर राबणाऱ्या माणसानं पिवळा रंगसुद्धा दुपारी दोननंतर नारिंगीच समजावा, कारण वीज रंग बघून पडत नाही.

वाऱ्याचा आकडाही वाचा. ताशी ३० ते ४० किलोमीटर म्हणजे मांडवाची कनात उडेल, कडब्याच्या पेंढ्या पसरतील. ५० ते ६० लिहिलं असेल तर जुन्या फांद्या मोडणार, सैल पत्रे उडणार, असं धरूनच चालायचं.

हाताशी ठेवायची साधनं मोजकीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या मदतीनं तयार झालेलं 'दामिनी' अ‍ॅप तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडते आहे का ते दाखवतं. 'मौसम' अ‍ॅपवर जिल्ह्याचे इशारे येतात, 'मेघदूत'वर शेतीचा सल्ला. हवामान विभागाचा तात्काळ इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो, म्हणून सकाळचा तात्काळ इशारा संध्याकाळी वाचून उपयोग नाही. मुंबई आणि नागपूरच्या डॉपलर रडारची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. त्यात जोरदार ढगाचा लाल-जांभळा ठिपका कुठून कुठे सरकतोय ते दोन-तीन चित्रं लागोपाठ पाहिली की कळतं. रेंज नसलेल्या शिवारात मात्र हे काहीच चालत नाही. तिथे आभाळच वाचावं लागतं, त्याकडे पुढे येतो.

चौथी पायरी: आज आग लागली तर किती पळेल?

जगभर अग्निशमनात एक ढोबळ हिशेब वापरतात: तापमान ३० अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे. तिन्ही जुळलं की आग हाताबाहेर जाते. आता आपल्याकडचा विचार करा. घाटाच्या पूर्वेला मार्चनंतर पहिल्या दोन अटी जवळपास रोजच दुपारी पूर्ण झालेल्या असतात. म्हणजे आपल्या हातात उरतो तो फक्त वाऱ्याचा प्रश्न. त्यासाठीच मी म्हणतो, आग पेटवायची की नाही हे ऊन बघून ठरवू नका, वारा बघून ठरवा. आणि आत्ताचा वारा पुरत नाही, संध्याकाळपर्यंतचा बघा.

आत्ता वारा पडलाय आणि क्षितिजावर ढगाचा ढीग आहे, ही सगळ्यात फसवी वेळ. वादळी ढगातून पावसाबरोबर थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. ती पावसाच्या पुढे कित्येक किलोमीटर धावू शकते. आग जिथे सरळ जात होती तिथून ती एका क्षणात आडवी फिरते. पाऊस येईलच याची खात्री नाही, झोत मात्र येतोच.

दुसरी गोष्ट चढ. आग वर चढताना पुढचं गवत आधीच तापवून वाळवत जाते. ढोबळ मानानं उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर माणसाला चालत मागे टाकता येणारी आग डोंगराच्या अंगावर धावणाऱ्यालाही गाठते.

राब भाजायचाच असेल, बांध साफ करायचाच असेल, तर पहाटे किंवा सकाळी लवकर, दव असताना, दोन-तीन माणसं आणि पाणी हाताशी ठेवून, आणि आधी कडेनं मातीची पट्टी खणून. जंगलाला लागून असेल तर वनरक्षकाला आधी सांगून. राखीव वनात आग लावणं किंवा तिथे पसरेल अशी आग निष्काळजीपणे सोडणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. इशाऱ्याचा दिवस असेल तर काडी खिशातच ठेवा. बांध उद्याही तिथेच असतो.

पाचवी पायरी: जाळरेषा

यावर थोडं जास्त बोलतो, कारण वणव्याचं निम्मं काम इथेच होतं. बागेभोवती, गोठ्याभोवती, गंजीभोवती जमिनीचा असा पट्टा करायचा की जिथे जळायला काही नसेल. नुसतं गवत कापून तिथेच टाकलं तर जाळरेषा होत नाही, उलट आगीला वाळलेली गादी मिळते. कापलेलं उचलायचं आणि माती दिसेपर्यंत खरवडायचं.

वेळ डिसेंबर-जानेवारीची. तेव्हा गवत अर्धं ओलं असतं, कापायला सोपं आणि आगीची भीती कमी. सपाटीला रुंदी निदान दहा-बारा फूट ठेवा. बागेच्या उताराकडच्या, म्हणजे खालच्या बाजूला याच्या दुप्पट, कारण आग खालूनच वर येणार. पट्ट्यावर झुकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर आग वरून उडी मारते.

फेब्रुवारी उजाडला की दर पंधरा दिवसांनी पट्ट्यावरून चालत जा. सागाची, पळसाची वाळलेली पानं वाऱ्यानं येऊन पट्टा पुन्हा भरतो. आमच्याकडे चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच लांब पट्ट्याची वाटणी केली आहे. प्रत्येकाचा वेगळा पट्टा करण्यापेक्षा श्रम अर्धे झाले, आणि कोणाचा तुकडा भरलाय हे लगेच डोळ्यात येतं.

वैरणीची गंजी घरापासून आणि विजेच्या तारेपासून लांब रचा. ऊस असेल तर शेतावरून गेलेल्या लोंबत्या तारा फेब्रुवारीतच पाहून घ्या. वादळात दोन तारा एकमेकींना घासल्या की ठिणगी थेट पाचटात पडते. १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

सहावी पायरी: वणवा दिसला तर

आधी फोन, मग फांदी. वनविभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६, अग्निशमन १०१, आणि कुठलीच आठवण नाही झाली तर ११२. धूर कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला, वारा कुठे वाहतोय, वर वस्ती आहे का, एवढं सांगा. उपग्रहावरून दिसलेल्या आगीची सूचना डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण मोबाईलवर पाठवतं. संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या एखाद्या तरुणानं त्यासाठी नाव नोंदवून ठेवलं तर सगळ्या गावाला फायदा. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, गावातला डोळा त्याच्या आधी बघतो.

विझवायला जायचं तर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट. नायलॉन, पॉलिस्टर अंगाला चिकटून जळतं. एकटं कधीच जाऊ नका. आगीच्या समोर किंवा चढावर वरच्या बाजूला उभं राहू नका. जळून गेलेल्या काळ्या बाजूनं, पाठीकडून आणि कडांवरून ओल्या डहाळीनं दाबत पुढे सरका. डहाळी झोडपू नका, झोडपलं की ठिणग्या उडतात. दाबून धरा. ज्वाळा कमरेच्या वर असतील तर हातानं विझवण्याचा नाद सोडा. उलटी आग लावणं, म्हणजे येणाऱ्या आगीसमोरचं गवत मुद्दाम आधीच जाळणं, हे वनकर्मचाऱ्यांचं काम आहे, ते आपण करायचं नाही. पळायची वाट आधी ठरवून ठेवा, आणि ती वाट बहुतेक वेळा जळालेल्या जागेतच असते.

भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नका. १०८ ला फोन करा.

सातवी पायरी: वळवाच्या दिवसाचं घड्याळ

सकाळपासून घामटा सुटलाय, नेहमी स्वच्छ दिसणारे लांबचे डोंगर धूसर झालेत, कोरडा उत्तरेचा वारा जाऊन दक्षिणेचा-आग्नेयेचा दमट वारा आलाय. हा दिवस ओळखायला शिका. अकरा-बाराच्या सुमाराला कापसाच्या ढिगासारखे ढग दिसू लागतात. एक वाजता ते रुंदीपेक्षा उंची जास्त घेऊ लागले, कडा फुलकोबीसारख्या ठसठशीत राहिल्या, तर ढग जोमात आहे. माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झाला की समजा, खाली कुठेतरी वीज सुरू झालेली आहे.

म्हणून दिवसाची आखणी अशी. खळ्यावरचं, काढणीचं, फवारणीचं काम अकराच्या आत. जनावरं दुपारी लांब माळावर न नेता घराजवळ. एकपर्यंत ताडपत्र्या बाहेर काढून ठेवायच्या, दोरखंडासह. ताडपत्री आहे पण दोर नाही, ही तर घरोघरची गोष्ट. दोन ते सात हा वेळ उघड्या शिवारापासून लांब.

पत्र्याच्या छपरावर दगड ठेवायची सवय मोडा. वादळात पत्रा उडतो आणि तोच दगड खाली माणसाच्या डोक्यात पडतो. पत्रा लोखंडी पाइपाला हुकानं आवळा, चारही कडांना जास्त हुक. छपरावर झुकलेली वाळकी फांदी मार्चच्या आतच उतरवा. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारसमध्ये वादळात मोठं कडुलिंबाचं झाड मंदिरापाशी पत्र्याच्या शेडवर कोसळलं आणि आडोशाला थांबलेल्या सात जणांचा जीव गेला. शहरही सुटत नाही. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर पडला, १७ माणसं गेली. झाड, फलक, पत्र्याचं शेड, अर्धवट भिंत. वादळात लोक नेमके यांच्याच आडोशाला धावतात.

लग्नसराई याच महिन्यांत असते. मांडव घालणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा की इशारा असेल तर कनाती सोडायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. शेजारची शाळा किंवा पक्कं सभागृह उघडं ठेवायला सांगा. किल्ली कोणाकडे आहे हे वऱ्हाड यायच्या आधी माहीत पाहिजे. वारा सुटल्याबरोबर जनरेटर बंद, पंगत आत.

आठवी पायरी: वीज

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं दगावली. यात शेतावर राबणारे, गुराखी, झाडाखाली थांबलेले लोक मोठ्या संख्येनं असतात.

चमक दिसल्यावर आवाजापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्यावर पडू शकते. पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका. बऱ्याचदा पहिली वीज पावसाआधी, डोक्यावर ऊन असतानाच पडते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. उघडीप बघून लगेच कडबा झाकायला धावणारे लोक मी पाहिलेत, ते पाहताना अंगावर काटा येतो.

सुरक्षित जागा दोनच: पक्कं घर, किंवा काचा बंद असलेली पत्र्याच्या छताची गाडी. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल, माच, पत्र्याची उघडी शेड, यातलं काहीही चालत नाही. झाड तर नाहीच. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि दोन पावलांमधल्या अंतरातून अंगात शिरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे एका झाडाखाली अख्खा कळप मरतो तो यामुळेच. म्हणून जनावरं झाडाला बांधू नका, तारेच्या कुंपणापाशीही नाही. विहिरीत, तळ्यात, पाटात असाल तर तत्काळ बाहेर या. सिंचनाचे लोखंडी पाइप हातातून टाका.

माळावर अगदीच सापडलात तर खोलगट जागी, पाय जुळवून, उकिडवं बसा, हात जमिनीला टेकू नका आणि आडवं पडू नका. चौघं असाल तर एकमेकांपासून लांब बसा. हा नाइलाजाचा उपाय आहे, संरक्षण नव्हे. घरात असाल तर नळाखाली अंघोळ, भांडी घासणं थांबवा, वायरला लागलेलं उपकरण धरू नका. मोबाईलमुळे वीज ओढली जाते हा समज चुकीचा आहे. चार्जिंगला न लावलेला फोन घरात वापरायला हरकत नाही.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. वीज हृदय थांबवते, पण पहिल्या काही मिनिटांत ते पुन्हा चालू होण्याची आशा चांगली असते. शेणात पुरणं, मातीत गाडणं यात ती मिनिटं वाया जातात.

नववी पायरी: गारपीट आणि पदरात आलेला माल

गारपिटीला उभ्या पिकात फार करण्यासारखं नसतं. द्राक्षं, डाळिंब यांच्यावर जाळी असेल तरच. पण काढलेला माल वाचवता येतो. कापून पडलेला हरभरा, गहू इशाऱ्याच्या आदल्या दिवशी गोळा करून उंचवट्यावर ढीग लावा, खाली काड्यांचा थर, वर ताडपत्री, चारही बाजूंनी दोर. काढलेला कांदा शेतात पातीनं झाकला तर उन्हापासून वाचतो, पावसापासून नाही. तोही ताडपत्रीखाली किंवा चाळीत. शिजवून वाळत घातलेली हळद आणि शेडवरचा बेदाणा एका सरीनं काळवंडतो, तिथे तासाभराचाही उशीर नको.

गारा लागलेल्या फळबागेत दुसऱ्याच दिवशी फाटलेल्या सालीतून बुरशी शिरते. मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापा, फुटलेली फळं वेचून बाहेर काढा, आणि फवारणी कृषी विज्ञान केंद्राला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारूनच करा.

दहावी पायरी: नुकसान झाल्यावर

मलबा उचलण्याआधी फोटो काढा, लांबून आणि जवळून, गट नंबर आणि तारीख कळेल असे. ई-पीक पाहणीत पीक नोंदवलेलं असेल तर पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून ती नोंद रब्बीतच करून ठेवा. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचा तलाठी) आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी क्षेत्र आणि नुकसानीचा टक्का वाचून बघा, कारण मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान ही अट असते. पीक विम्याच्या राज्यातल्या नियमांत २०२५ पासून बदल झालेत, त्यामुळे स्थानिक आपत्तीचं संरक्षण आपल्या विम्यात आहे का हे हंगाम सुरू होतानाच पाहा. ते असेल तर ७२ तासांत कळवावं लागतं, क्रमांक १४४४७. माणूस किंवा जनावर दगावलं तर शवविच्छेदन टाळू नका, त्याच्या अहवालाशिवाय मदतीचा अर्ज पुढे सरकत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती शांत दिसली तरी. ओल्या बांधावर मुलांना आंबे वेचायला सोडू नका, आधी एखाद्या मोठ्या माणसानं सगळीकडे फिरून यावं.

आणि एक काम जे आमच्या गावात तात्याच आता सगळ्यांकडून करून घेतात. वळीव पडून गेला की रान भिजलं, आता आगीचं टळलं, असं वाटतं. वाळलेलं गवत मात्र कडक उन्हात एका दिवसात पुन्हा काडीसारखं कोरडं होतं. शिवाय वादळानं झाडांवरचा उरलेला पाला आणि बारीक फांद्या खाली पाडलेल्या असतात, त्यातल्या कितीतरी नेमक्या जाळरेषेवर. म्हणून वळवाच्या दुसऱ्या सकाळी, माती ओली आहे तोवर, सगळे जण दाताळं घेऊन पट्ट्यावर जमतो. तात्या खालच्या टोकाला उभे राहून हाक देतात, आणि नऊ वाजायच्या आत पट्टा पुन्हा लख्ख होतो.